कात्री कोणाच्या हातात?

मुंबईलगतच्या एका शहरातील खासगी बालवाडीत ज्युनिअर केजीचा वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षिकेचे हे पत्र आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्यांची अडचण येथे थोडक्यात देत आहोत. त्यांच्या वर्गात चार ते पाच वर्षांची २६ मुले आहेत. गेल्या वर्षी आषाढीच्या दिंडीपासून रंगपंचमीपर्यंत, ‘रेड डे’ आणि ‘फ्रूट डे’ धरून, १९ दिवस साजरे झाले, असे त्यांनी मोजून लिहिले आहे. प्रत्येक वेळी मुलाच्या हातात घरी न्यायला एखादी वस्तू हवी आणि पालकांच्या गटावर दुपारपर्यंत फोटो हवेत, असा व्यवस्थापनाचा दंडक आहे. त्यामुळे आदल्या रात्री कागद कापणे, चिकटवणे, नावे घालणे हे सारे त्या स्वतःच करतात आणि मुले शेवटी एखादी टिकली लावतात. काही पालक विचारतात की एवढे सण करत बसलात तर अक्षरे कधी शिकवणार. वर्गातील एका मुस्लिम मुलाची आई दहीहंडीच्या आणि गणपतीच्या कार्यक्रमाला त्याला पाठवत नाही. कारण विचारल्यावर ती एवढेच म्हणाली, ‘आमच्यामुळे तुम्हाला अडचण नको, टीचर.’ हे वाक्य शिक्षिकेच्या मनातून जात नाही. सण पूर्ण बंद करून केवळ ऋतूंवर आधारित उपक्रम घ्यावेत का, आणि तसे केले तर मुले आपल्या संस्कृतीला मुकतील का, असे त्यांनी विचारले आहे.

ताई,

तुमच्या पत्रात सणांची यादी आहे, पालकांची तक्रार आहे, व्यवस्थापनाचा दंडक आहे. पण मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते तुम्ही जाता जाता लिहिलेले वाक्य, की आदल्या रात्री कागद तुम्ही कापता. सण ठेवावेत की काढावेत या प्रश्नाकडे मी येणारच आहे. मात्र कागद कोणी कापायचा हे आधी ठरवले नाही, तर सणांच्या जागी ऋतू आणूनही तुमच्या रात्री तशाच जातील. दिंडीच्या पताकांऐवजी तुम्ही २६ छत्र्या कापत बसाल.

हे मी अनुभवाने सांगते. माझ्या बालवाडीतील सुरुवातीच्या वर्षांत एका दिवाळीला मी २४ आकाशकंदील केले होते. घोटीव कागदाची मधोमध घडी, समान अंतरावर चिरा, मग गुंडाळी आणि वर-खाली सोनेरी पट्टी, असे सगळे मी दोन रात्री जागून केले आणि मुलांना प्रत्येकी एक टिकली चिकटवायला दिली. वर्गात दोरीवर ते ओळीने टांगले, तेव्हा पालकांनी तोंड भरून कौतुक केले. घरी जायच्या वेळी साडेचार वर्षांचा एक मुलगा त्या दोरीखाली मान वर करून बराच वेळ उभा राहिला आणि त्याने विचारले, ‘बाई, यातला माझा कुठला?’ मी एकेक कंदील उलटा करून आतली नावे वाचू लागले, आणि ती नावेही माझ्याच अक्षरात होती. त्याचा कंदील सापडला, त्याने तो आईच्या हातात देऊन टाकला आणि अंगणात पडलेली एक वाळलेली शेंग उचलून ती खुळखुळवत घरी गेला. त्या दिवाळीनंतर मी मुलांसाठी कागद कापणे बंद केले.

वस्तू घरी गेली म्हणजे शिक्षण झाले, ही समजूत आपण पालकांची आहे असे म्हणतो. पण ती आधी आपल्याच मनात घट्ट बसलेली असते. वस्तू सुबक असली की आपल्यालाही दिवस सार्थकी लागल्यासारखे वाटते. चार वर्षांच्या मुलाचे शिकणे मात्र त्या वस्तूच्या आधी घडत असते. कात्रीच्या एका कडीत अंगठा आणि दुसरीत बोटे घालणे, एका हाताने कात्री उघडताना दुसऱ्या हाताने कागद पुढे सरकवणे, रेषेच्या शेवटी थांबणे, हे त्या वयाचे मोठे काम आहे आणि ते यायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला बोथट टोकाची कात्री आणि जुन्या लग्नपत्रिकांच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या द्या. जाड पट्टी एका दाबात कापली जाते, पातळ कागद मात्र हातात लोळतो आणि मूल कंटाळते. मग सरळ रेषेवर कापणे आणि त्यानंतर वळणावर कापणे. वर्गातील एखादे मूल डावरे असेल, तर त्याला कात्री कोणत्या हातात सोपी जाते हे पाहा आणि हात बदलायला लावू नका. दिवाळी येईपर्यंत वर्गातील निम्मी-अधिक मुले कंदिलाच्या चिरा स्वतः पाडू शकतील. त्या वाकड्या असतील, काही चिरा थेट कडेपर्यंत जाऊन कागद फाटेल. पण दोरीवर टांगलेला आपला कंदील प्रत्येक मूल लांबून ओळखेल.

अक्षरांची काळजी करणाऱ्या पालकांना उत्तरही इथेच मिळते. पेन्सिल धरायला जी बोटे लागतात, तीच कात्रीला, मातीला आणि तीळ निवडायला लागतात. २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही तीन ते सहा या वयासाठी पाठ्यपुस्तके लावू नयेत आणि खेळ, गप्पा, गोष्टी, हाताचे काम यांतून शिकणे व्हावे, असेच सांगितले आहे. पालकांना आराखडा दाखवून गप्प करावे, असे मी म्हणत नाही. त्यांची काळजी खरी असते, कारण पुढच्या वर्गात लेखनाची अपेक्षा असेल तर आपले मूल मागे पडेल, ही भीती त्यांना झोपू देत नाही. म्हणून त्यांना मुलाच्या कामाचे नमुने दाखवा: जूनमध्ये कापलेली पट्टी, सप्टेंबरमध्ये कापलेली पट्टी, दोन्ही एकाच कागदावर चिकटवलेल्या. पालकसभेतील भाषणापेक्षा त्या दोन पट्ट्या अधिक सांगतात.

आता ऋतू आणि सण. तुम्ही ही दोन वेगळी टोके मानता आहात आणि एक सोडून दुसरे धरायचे, असे तुमच्या मनात आहे. मला ते तसे वाटत नाही. आपले बहुतेक सण ऋतूच्या अंगाखांद्यावर वाढलेले आहेत. नागपंचमी पावसाळ्यात येते, तेव्हा बिळांत पाणी शिरून साप बाहेर पडलेले असतात. पोळ्याला पेरणी-कोळपणी उरकलेली असते आणि बैलांना विसावा मिळतो. भोंडल्याच्या पाटावर हत्ती येतो तो हस्त नक्षत्रामुळे आणि संक्रांतीच्या वाणात हरभरा, बोरे, ऊस असतात, कारण शेतात आणि बाजारात तेव्हा तेच आलेले असते. शाळेत मात्र सण एका दिवसात येतो आणि जातो, त्यामुळे त्याच्या मागचा ऋतू दिसेनासा होतो आणि पोशाख व फोटो तेवढे उरतात. माझा सल्ला असा की, ऋतू आधी वर्गात आणा, तो दोन-तीन आठवडे राहू द्या आणि त्या ओघात जो सण येईल तो येऊ द्या. ज्या सणाची एकही गोष्ट मुलांच्या हाताला, नाकाला, कानाला सापडत नाही, तो सण सोडला तरी कोणतेही मूल संस्कृतीला मुकणार नाही. तो सण घरी आहे, गल्लीत आहे, आजीजवळ आहे. सगळे आपल्याच वर्गात घडले पाहिजे, हा भार तुम्ही विनाकारण उचलला आहे.

ही वाट नवी नाही आणि ती तुमच्यापासून फार लांबची नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे ते काम डहाणू तालुक्यातच कोसबाडच्या टेकडीवर नेले. महागडी शैक्षणिक साधने खेड्यापाड्यांत परवडणार नव्हती, तेव्हा त्यांनी दगड, शंख-शिंपले, बिया, पाने आणि माती यांनाच साधने केले. मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी वस्तीतल्या अंगणातच शाळा भरवली. आज आपण ज्याला अंगणवाडी म्हणतो, त्या शब्दातले अंगण खरेखुरे होते.

तुमची शाळा जूनमध्ये उघडते, म्हणून पावसापासून सुरुवात करू. ‘पाऊस’ हा विषय सगळ्याच बालवाड्यांत घेतात: निळे कागदी थेंब, कापसाचे ढग, छत्रीचे चित्र रंगवणे. बाहेर खरा पाऊस कोसळत असताना आत कापसाचा ढग चिकटवायचा, हे मला कधीच पटले नाही. त्याऐवजी एक सरळ उभ्या बाजूंची पारदर्शक बरणी घ्या. गळ्याशी निमुळती होणारी बाटली नको. बरणी उघड्यावर, झाडापासून आणि छपराच्या कडेपासून दूर, चार विटांच्या मध्ये ठेवा म्हणजे ती वाऱ्याने कलंडणार नाही. रोज ठरलेल्या वेळी दोन मुलांनी ती आत आणायची. बरणीला कागदाची पट्टी उभी टेकवायची, पाणी जिथपर्यंत आहे तिथे खूण करायची आणि पट्टी तिथे कापायची. कात्री मुलाच्याच हातात राहील. मग बरणी रिकामी करून जागेवर ठेवायची, कारण साठलेल्या पाण्यात डासांची पैदास होते, आणि कापलेली पट्टी भिंतीवरच्या लांब कागदावर त्या दिवसाच्या जागी चिकटवायची.

दहा-बारा दिवसांनी भिंतीवर काय तयार होते, ते पाहा. कुठे बोटभर पट्टी, कुठे नखाएवढी, कुठे कोपरापर्यंत येणारी. मुले त्यासमोर उभी राहून आपणहून बोलू लागतात: ‘हा माझ्या वाढदिवसाचा पाऊस’, ‘या दिवशी रिक्षा बंद पडली होती’. जास्त-कमी, उंच-बुटका, काल-परवा, आधी-नंतर हे सगळे शब्द त्यांना तिथे लागतात, म्हणून ते बोलण्यात येतात. कोरडा दिवस कसा दाखवायचा, हा प्रश्न त्यांच्यावरच सोपवा. माझ्या एका वर्गात यावर दोन दिवस चर्चा चालली होती. काहींचे म्हणणे होते की जागा तशीच मोकळी सोडावी, आणि एका मुलीचे म्हणणे होते की मोकळी सोडली तर आपण पट्टी लावायला विसरलो असे वाटेल. शेवटी तिने त्या जागी एक पिवळा ठिपका लावला. शून्याची कल्पना यापेक्षा चांगल्या रीतीने शिकवता येईल, असे मला वाटत नाही.

याच दिवसांत पाच मिनिटांसाठी का होईना, मुलांना अंगणात न्या. गांडूळ, गोगलगाय, भिंतीवरचे शेवाळ, फरशीच्या फटीतून उगवलेले रोप, यांतले काही ना काही प्रत्येक आवारात असते. अंगण नसेल तर शाळेच्या फाटकाजवळचे एक झाड निवडा आणि महिन्यातून एकदा वर्षभर त्याच झाडाखाली जाऊन उभे राहा. तो पिंपळ असेल, तर वसंतात त्याला तांबूस कोवळी पालवी फुटलेली मुलांना दिसेल, आणि ‘पानाचा रंग हिरवा’ हे पाठांतर त्यांचे तेच दुरुस्त करतील. दसऱ्याला आपट्याची पोतीभर पाने ओरबाडून आणण्यापेक्षा एक पान पुरते. त्याची मधल्या शिरेवर घडी घातली की दोन्ही भाग एकमेकांवर चपखल बसतात, हे प्रत्येक मुलाने करून पाहावे.

श्रावणात माती आणा. नागपंचमीपासून गणेश चतुर्थीपर्यंत, मध्ये अधिक महिना नसेल तर, जवळपास महिनाभराचा अवकाश मिळतो आणि मातीकामासाठी याहून चांगली सोय पंचांगाने करून ठेवलेली नाही. कोणत्याही मुलाच्या हातात मातीचा गोळा दिला की ते तळहातांत घोळवून आधी काय करते? वळी. वळी म्हणजेच नाग. दोन दिवसांत सगळ्या वर्गात नाग होतात, वेटोळे घातलेले, फणा चपटा केलेले, एकमेकांत अडकलेले. साप दूध पीत नाही, तो उंदीर खातो, म्हणून शेतकऱ्याला तो हवा असतो, आणि दिसला तर हात न लावता मोठ्यांना हाक मारायची, एवढे सांगितले की माहिती पुरे. शाडूची माती आदल्या संध्याकाळी भिजवा आणि पोळीच्या कणकेपेक्षा थोडी घट्ट ठेवा. रात्रीचे काम तेवढेच.

वळी जमली की गोळी, गोळी जमली की चिमटीने कळ्या काढलेला मोदक. महिनाभर ज्या हाताने वळी आणि गोळे केले, तो हात चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात गोळ्यावर गोळा ठेवतो, समोर वळीची सोंड लावतो आणि गणपती होतो. कान एक मोठा आणि एक लहान होतो. बाजारातून साचे आणून २६ एकसारख्या मूर्ती काढू नका. ज्याला गणपती करायचा नसेल, त्याने हत्ती करावा, उंदीर करावा, नाहीतर नागच पुन्हा करावा. वाळलेली मूर्ती पाण्याच्या बादलीत सोडली की शाडू हळूहळू सुटतो आणि तळाशी बसतो. मुले तासभर त्या बादलीभोवती बसून राहतात. पाणी निवळून ओतून दिले की तीच माती पुढच्या कामाला येते.

भोंडल्यातला माझा सर्वांत आवडता भाग खिरापत ओळखण्याचा आहे, आणि बालवाड्यांत नेमका तोच घाईत उरकला जातो. झाकलेला स्टीलचा डबा मध्ये ठेवा. आधी तो हलवून आवाज ऐकायचा, मग झाकण किंचित उघडून वास घ्यायचा, मग प्रश्न विचारायचे: गोड आहे की तिखट, ओले आहे की कोरडे, चावावे लागते की विरघळते? नुसती नावे ओरडण्यापासून असे प्रश्न विचारण्यापर्यंत मुले चार-पाच दिवसांत पोहोचतात. मुलग्यांनाही फेरात घ्या, आणि डबा रोज वेगळ्या घरून येऊ द्या. मात्र प्रत्येक घराला परवडेल असाच पदार्थ ठरवा. मूठभर फुटाणेसुद्धा चालतात, पण ते कुटून द्या, कारण अख्खे फुटाणे आणि शेंगदाणे पाच वर्षांखालील मुलांच्या घशात अडकण्याचा धोका असतो. हीच खबरदारी संक्रांतीच्या बोरांना आणि दाण्यांना लागू आहे. तिळगूळ वर्गात करायचा असेल, तर गरम पाकाच्या वाटेला जाऊ नका. भाजलेल्या तिळाचा कूट आणि किसलेला मऊ गूळ हाताने मळून लाडू होतात. कोणत्या मुलाला तीळ किंवा शेंगदाणे सोसत नाहीत, हे आधी पालकांकडून लिहून घ्या.

दिवाळीची सुट्टी लागण्यापूर्वी आठवडाभर किल्ला करा. अंगण नसले तर मोठे घमेले चालेल. डोंगर कुठे, वाट कुठून, तळे कुठे, हे मुलांनी ठरवायचे. त्यावर अळीव पेरा. पेरण्यापूर्वी थोडे बी वाटीत भिजवून मुलांच्या बोटांवर ठेवा. प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत आवरण फुगते आणि बोटाला चिकटते, तेव्हा वर्गात जो गलका होतो तो ऐकण्यासारखा असतो. तीन-चार दिवसांत किल्ला हिरवा होतो.

आता त्या आईचे वाक्य. ‘आमच्यामुळे तुम्हाला अडचण नको’ असे म्हणणारी बाई नाराज आहे असे मला वाटत नाही. आपले मूल तिथे कोणाच्या तरी कार्यक्रमात पाहुणे आहे, हे तिने ओळखले आहे आणि ते तुम्हाला अवघड होऊ नये म्हणून ती स्वतःच बाजूला होते आहे. सगळे सण काढून टाकले, तर आपल्यामुळे इतर मुलांचे सण गेले, असेच तिला वाटेल आणि तिचा संकोच वाढेल. वरच्या सगळ्या कामांत पाहा, पाऊस, माती, झाड, डबा, बी यांत तिचा मुलगा पहिल्या दिवसापासून आहे आणि कोणत्याही दिवशी त्याने घरी राहावे असे काही नाही. आरती आणि पूजा वर्गाच्या वेळात, सर्वांना हात जोडायला लावून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. व्यवस्थापनाला ती हवीच असेल, तर शाळा सुटल्यावर, ज्यांना यायचे त्यांच्यासाठी ठेवता येईल. इतर धर्मांच्या मुलांपुरतेच हे मी म्हणत नाही. चार वर्षांचे मूल बाईंनी सांगितले म्हणून हात जोडते, आणि भक्ती ते घरच्यांच्या शेजारी बसून शिकते.

त्या आईशी बोलायला जाताना ‘तुमच्या ईदचाही कार्यक्रम करू’ असा प्रस्ताव घेऊन जाऊ नका. त्याने यादीत विसावा दिवस वाढेल आणि त्या लहानग्याला सगळ्यांसमोर आपल्या धर्माचा प्रतिनिधी होऊन उभे राहावे लागेल. तिला वर्गात बोलवा, भिंतीवरच्या पट्ट्या दाखवा, पुढच्या महिन्यात काय करणार ते सांगा आणि यातले काय तुम्हाला चालणार नाही, असे सरळ विचारा. गणपतीच्या मातीकामाबद्दल ती काही वेगळे सांगेल, कदाचित नाही सांगणार. तिच्या वतीने आपण ठरवून टाकायचे नाही. खिरापतीच्या डब्याची पाळी मात्र इतरांसारखीच तिच्याकडेही जाऊ द्या.

एक गोष्ट अशी आहे की जी सगळ्या घरांच्या सणांत आहे, आणि ती म्हणजे चंद्र. कोजागिरीला तो पूर्ण असतो, लक्ष्मीपूजनाला दिसतच नाही, चतुर्थीला त्याची वाट पाहतात आणि ईदला त्याच्या कोरीवर सगळे ठरते. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने ईद दरवर्षी तेवढी अलीकडे सरकते, म्हणून वर्षाच्या आखणीत तिची तारीख नव्याने पाहावी लागते. २०२५ मध्ये १ मार्चच्या संध्याकाळी रमजानची कोर दिसली आणि तोच चंद्र वाढत वाढत १३ मार्चला होळीच्या पौर्णिमेचा झाला. अमावस्येनंतरचा चंद्र संध्याकाळीच दिसतो, म्हणजे मुले झोपण्यापूर्वी. तेव्हा घरी खिडकीतून किंवा गच्चीवरून चंद्र पाहायचा आणि सकाळी येऊन काळ्या कागदावर खडूने त्याचा आकार काढायचा, असा पंधरवडा एकदा करून पाहा. पौर्णिमेनंतर तो उशिरा उगवतो, तेव्हा सकाळी शाळेत येताना पश्चिमेकडे फिकट चंद्र शोधायला सांगा. दिवसा चंद्र दिसतो, हे कळल्यावर मुले आईबाबांना रस्त्यात थांबवतात.

व्यवस्थापनाशी बोलणे हा तुमच्या दृष्टीने सर्वांत अवघड भाग असणार, आणि नोकरी तुमची आहे, माझी नाही, हे मी विसरलेले नाही. म्हणून १९ दिवसांवर एकदम आघात करू नका. ‘रेड डे’सारखे दिवस आधी कमी होऊ शकतात, कारण त्यांना ना ऋतूचा आधार आहे ना घरच्या आठवणींचा, आणि त्यांपायी पालकांना विनाकारण लाल कपडे शोधावे लागतात. भाड्याच्या पोशाखांचेही तसेच आहे. ज्या घरात महिन्याचे गणित जेमतेम जुळते, तिथे दिंडीचे धोतर-टोपी आणि दहीहंडीचा कृष्ण यांचा खर्च कोणी बोलून दाखवत नाही, पण तो सोसावा लागतो. तुम्ही एवढेच मागा: पहिल्या सत्रात दोन उपक्रम माझ्या पद्धतीने करू द्या, पाऊस आणि माती. फोटो बंद करा, असे म्हणू नका. फोटो वेगळे काढा. ओळीत उभ्या असलेल्या सजलेल्या मुलांऐवजी, जीभ किंचित बाहेर काढून पट्टी कापणाऱ्या मुलाच्या हातांचा फोटो आणि त्याखाली त्याने उच्चारलेले एक वाक्य. चेहरा दिसला नाही तरी चालतो, किंबहुना गटावर टाकताना न दिसलेलाच बरा. पालक हा फोटो उघडून पाहतात, कारण त्यात त्यांचे मूल काहीतरी बोललेले असते. व्यवस्थापनाला पालकांचे समाधान हवे आहे, आणि ते समाधान याने होते, हे माझ्या पाहण्यात आहे.

घरी न्यायची वस्तू हवीच असेल, तर ती मुलाने केलेली असावी, एवढी अट धरा. वाकडा नाग घरी जाईल, शेपूट वाटेत तुटेल. पहिल्या वेळी एखादी आई विचारेल, ‘टीचर, हे काय आहे?’ तिला सांगा की मुलालाच विचारा. वर्षाला पाच-सहा ऋतूंचे पट्टे पुरेसे आहेत: पाऊस, माती, भोंडला-दसरा, दिवाळीचा किल्ला, थंडी आणि तीळ, आणि शेवटी वसंत. पळस मिळणाऱ्या भागातील वाचकांनी वसंतात झाडाखाली पडलेली फुले रात्रभर पाण्यात भिजवून त्या केशरी पाण्याने चित्रे काढावीत. नाताळ थंडीत येतो. वसईकडच्या शाळांना तो अंगणातलाच आहे, तुमच्या वर्गात एखादे ख्रिस्ती घर असेल तर तिथल्या आजीला गोष्ट सांगायला बोलवा, नाहीतर तो राहू द्या. अंगणवाडी सेविकांनाही यातील बहुतेक सारे विनाखर्च करता येईल. त्यांच्याकडे अंगण, माती आणि झाडे शहरातल्या शाळांपेक्षा जास्त आहेत.

पावसाच्या बरणीबद्दल एक सांगायचे राहिले. शनिवार-रविवारी शाळा बंद असते, त्यामुळे सोमवारी बरणीत शुक्रवारपासूनचे पाणी साठलेले असते आणि सोमवारची पट्टी बहुधा सर्वांत उंच निघते. तीन-चार आठवड्यांनी कोणीतरी म्हणेल की सोमवारी पाऊस जास्त पडतो. त्याला लगेच दुरुस्त करू नका. ‘असे का होत असेल?’ एवढेच विचारा आणि पुढच्या शुक्रवारी बरणी बाहेर ठेवायला त्याच मुलाला सोबत न्या.